चाळीस पिशव्या बोटुकली

"मावशी, या पिशवीतले वर येऊन राहिले."

भागरथाबाईंनी पिशवीवरचं ओलं पोतं उचललं आणि वाकून पाहिलं. फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, पाण्याच्या अगदी वरच्या थराला, बोटाएवढे मासे तोंडं उघडी करून चिकटले होते. सकाळी मत्स्यबीज केंद्रातून निघालो तेव्हा तेच मासे तळाशी चमकत होते, पिशवीला हात लावला की सगळे एकदम वळत होते.

"पाणी पांढरं झालं," त्या म्हणाल्या. "किती वाजले?"

"साडेअकरा."

"अन् ड्रायव्हर?"

"त्याले जाऊन तासच झाला, मावशी."

आमची पिकअप रस्त्याच्या कडेला एका अंगावर कलली होती. मागच्या स्प्रिंगचा पाटा मोडून चाकात अडकला होता. ड्रायव्हर एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून दुसरी गाडी आणायला गेला होता. आठ दिवस पाऊस नव्हता. ऑगस्टचं ऊन असं पडलं होतं की पोतं ओलं करून टाकलं की पाच मिनिटांत कोरडं. आमच्याजवळचं प्यायचं पाणी तर कधीच संपलं होतं. मोहटोला, आमचं गाव, अजून बारा किलोमीटर होतं.

गाडीत चाळीस पिशव्या होत्या. एकेका पिशवीत पाचशे बोटुकली. रोहू, कटला, मिरगल. थोडं पाणी, वर भरलेला ऑक्सिजन आणि गच्च बांधलेलं तोंड. दुपारी एकच्या आत हे बीज तलावात पडायला हवं, असं केंद्रातल्या साहेबांनी दोनदा बजावलं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. ढिवरपुऱ्यात, म्हणजे गावातल्या आमच्या मासेमार वस्तीत, दहावी झालेला मीच, म्हणून मच्छीमार सोसायटीचा सचिव. भागरथाबाई अध्यक्ष. पन्नाशीच्या, नवरा गेलेल्या; त्यांचा शब्द पुऱ्यात कोणी खाली पडू देत नसे. त्या दिवशी बीज आणायला आम्ही दोघंच गेलो होतो, कारण पुऱ्यात धडधाकट माणसं उरलीच नव्हती. बरेचसे नागपूरकडे विटाभट्टीवर गेलेले.

ते का गेले हे सांगायला हवं. आदल्या कार्तिकात मोहटोल्याच्या तलावात कोणीतरी विष टाकलं. धानावर मारायचं औषध. सकाळी लोक उठले तेव्हा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा होता. संक्रांतीनंतर जाळं लागणार होतं. बेचाळीस घरांचं वर्षाचं पोट उलटं होऊन तरंगत होतं. त्या हिवाळ्यात पुऱ्यातल्या चुली एकवेळच पेटायच्या. भागरथाबाईंच्या धाकट्या सुनेनं अंगावरचं दूध आटलं म्हणून पोर माहेरी नेलं, ते पुन्हा आलंच नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तलाव नव्या पाण्यानं भरला. पण त्यात बीज नाही पडलं तर सोसायटीचा ठेका जाणार आणि तलाव बाहेरच्या माणसाकडे जाणार, असं पत्र आलं होतं. बीज एकदाच मिळणार होतं. ते माझ्या समोर तोंड उघडून मरत होतं.

"एक पिशवी गेली," भागरथाबाई म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. त्यांनी पिशवी उचलून उन्हात धरली. मासे आडवे पडले होते, पोटं वर. त्यांनी ती गाडीखाली ठेवली आणि दुसरी बघायला घेतली.

"इथं पाणी कुठं असंल?" मी विचारलं.

"शेतापलीकडं निमगावची बोडी आहे." बोडी म्हणजे धानाच्या शेतांच्या डोक्यावर बांधलेला लहानसा तलाव. "पण नुसती पिशवी तिथं फोडून का करशील? बोडीत मरळ असंल. तासाभरात सगळे गिळंल. अन् एकदा सोडलेलं बीज पुन्हा हाती येते का?"

निमगावचं नाव निघाल्यावर आम्हा दोघांच्या मनात एकच माणूस आला होता, हे मला त्यांच्या मान फिरवण्यावरून कळलं.

डोमाजी मारबते. आमच्या तलावाचा राखणदार. विषाची बाटली त्याच्या झोपडीमागच्या लव्हाळ्यात सापडली होती. दोन महिने आधी त्याचं कमिटीशी भांडण झालेलं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. बैठक बसली. डोमाजी एवढंच म्हणाला, "मी हे पाणी तीस वर्सं राखलं. मी कायले टाकीन?" भागरथाबाई त्या दिवशी सगळ्यांत जास्त बोलल्या. मग हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केले. मीही केला. त्याचं नाव सोसायटीतून काढलं आणि पुऱ्यानं त्याच्याकडचं पाणी बंद केलं, म्हणजे त्याला वाळीत टाकलं. आठवड्याभरात बायकोला घेऊन तो निमगावला लेकीकडे निघून गेला.

बारा वाजता आणखी तीन पिशव्या गेल्या.

"जा," भागरथाबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "त्यालेच बोलाव."

"मावशी, तो येईल का?"

"नाही आला तर नाही आला. तू जा."

"तुमी जाता का? मी इथं थांबतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी का तोंड घेऊन जाऊ?"

मी बांधाबांधानं पळत निघालो. पाय चिखलात जात होते. जाताना मी मनात म्हणत होतो, तो घरी नसावा. आणि लगेच म्हणत होतो, असावा. निमगावच्या टोकाला त्याच्या लेकीचं कौलारू घर होतं. अंगणात डोमाजी शेळ्यांना पाला टाकत होता. नऊ महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. गळ्याची हाडं वर आली होती.

"डोमाकाका."

त्यानं वळून पाहिलं. ओळखलं. हातातला पाला खाली ठेवला नाही.

"आमची गाडी मोडली," मी म्हणालो. "बीज आहे. मोहटोल्याचं. चाळीस पिशव्या. चार मेल्या. बाकीचे वर येऊन राहिले."

"कधी भरलं?"

"सकाळी सातले."

"अन् उन्हात उभे केले?"

"हव."

त्यानं पाला टाकला. तो घरात गेला आणि लेकीला हाक मारली. "वनिता, लुगडं काढ. सरजाचं. पेटीतलं."

"बाबा, ते कायले?"

"काढ म्हणतो ना. अन् तुही जुनी पातळं असतीन ते पण दे. पण ते आधी काढ. ते नऊवारी आहे, इरळ आहे. पाणी धरत नाही."

मी दारातून पाहिलं. वनितानं लोखंडी पेटीतून हिरवं लुगडं काढलं आणि छातीशी धरून उभी राहिली. भिंतीवर सरजाकाकूचा, डोमाजीच्या बायकोचा, फोटो होता. त्याला हार होता.

"काकू..." मी म्हणालो.

"माघात गेली," वनिता म्हणाली. "दुखणं वाढलं तवा दुखणं वाढलं तवा मोहटोल्याले निरोप धाडला होता आम्ही. कोणी आलं नाही."

निरोप आला होता. त्यांच्याकडचं पाणी बंद होतं, म्हणून कोणी गेलं नव्हतं. मीही निघालो आणि आमच्याच दारातून मागं फिरलो होतो.

डोमाजीनं लुगडं खांद्यावर टाकलं, कुऱ्हाड आणि चार बांबू घेतले आणि चालू लागला. त्याच्या मागं मी, माझ्या मागं वनिता. बोडीच्या पश्चिमेकडच्या काठावर मोहाची दोन झाडं होती, त्यांची सावली पाण्यावर पडत होती. तो थेट कंबरभर पाण्यात उतरला, तळवा बुडवून पाणी पाहिलं आणि बांबू ठोकायला लागला. लुगड्याची चारी बाजूंनी भिंत केली, तळालाही तेच दुमडून घेतलं आणि कडा बांबूंना बांधल्या. आम्ही याला हापा म्हणतो; जाळीचा असतो, आत बीज सांभाळायचं, बाहेरचा मासा आत येत नाही. लुगड्याचा हापा मी पहिल्यांदाच बघत होतो.

"आण आता," तो म्हणाला. "दोन दोन पिशव्या. धावू नको, हिंदळतीन."

रस्ता ते बोडी, चारशे पावलं. मी किती खेपा केल्या ते आठवत नाही. भागरथाबाई पदर खोचून माझ्या मागं पिशव्या आणत होत्या. पहिल्यांदा त्या काठावर आल्या तेव्हा डोमाजीनं मान वर केली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"पिशवी तशीच पाण्यावर ठेव वं भागरथा," तो म्हणाला. "एकदम फोडू नको. आतलं पाणी तापलं आहे. दोन्ही पाणी एक होऊ दे."

पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. वाट बघायची होती आणि वाट बघता येत नव्हती. प्रत्येक पिशवीत दर मिनिटाला आणखी काही मासे आडवे होत होते. मी एका पिशवीच्या गाठीला हात घातला, तेव्हा डोमाजीनं माझं मनगट धरलं.

"थांब."

"काका, मरून राहिले."

"आता फोडलं तर सगळे मरतीन. थांब."

मग त्यानं एकेक गाठ सोडली, हळूहळू बोडीचं पाणी ओंजळीनं पिशवीत घातलं आणि पिशवी कलती केली. मासे लुगड्यात उतरले. काही सरळ खाली गेले. काही वरच गोल फिरत राहिले. बरेच तसेच आडवे राहिले. मेलेले तो चिमटीनं वेचून काठावर टाकत होता, मधे एखाद्याला बोटांत धरून पाण्यात पुढं-मागं हलवत होता, तो वळवळला की सोडत होता.

"तिघं तीन बाजूंनी उभे राहा अन् पाणी हाना," तो म्हणाला. "तळव्यानं. थांबू नका."

पाण्यात हवा मिसळावी म्हणून आम्ही पाणी मारत राहिलो. मी, भागरथाबाई, वनिता. खांदे भरून आले, मग दुखायचे थांबले. भागरथाबाई एका हातानं पाणी मारत होत्या आणि दुसऱ्या हातानं लुगड्याचा काठ धरून होत्या. हिरव्या काठावरची पिवळी रेघ त्यांनी दोनतीनदा बोटानं चाचपली.

"हे सरजाचं का?" त्यांनी विचारलं.

"हव."

"ती कुठं आहे?"

वनितानं मान खाली घातली. भागरथाबाईंचा पाण्यावरचा हात थांबला.

"हात चालू ठेव," डोमाजी म्हणाला. "बुडाशी अजून जीव आहे."

चारच्या सुमाराला ट्रॅक्टर घेऊन ड्रायव्हर आला. तोवर निम्मं बीज गेलं होतं. पण निम्मं लुगड्याच्या तळाशी काळ्या सावलीसारखं एकत्र फिरत होतं आणि हात बुडवला की दचकून पळत होतं. वनिताच्या नवऱ्याचे धान भिजवायचे तीन ड्रम आणले. बोडीचंच पाणी भरलं. डोमाजी लुगड्यातून घमेल्यानं मासे उचलून माझ्याकडे देत होता आणि सांगत होता. "जाताना ड्रममधलं पाणी मारत राहा. तलावावर गेल्यावर हीच रीत. आधी तलावाचं पाणी ड्रममध्ये, मग मासा तलावात. अन् खोल जागी सोडू नका. दक्षिणेकडं, जिथं गवत बुडालं आहे, तिथं सोडा."

"तुमी चला, काका," मी म्हणालो.

"नाही गा." तो घमेलं बुडवत म्हणाला. "अन् एक ऐक. मी याले हात लावला असं तिथं सांगू नका. नाहीतर लोक सोडू देणार नाहीत. म्हणतीन, त्यानंच यात पण काही टाकलं असंल."

तो हे रागानं म्हणाला नाही. पाण्याचं तापमान सांगावं तसं म्हणाला. सगळे मासे पुऱ्याच्या तलावात पडावेत एवढ्यासाठी तो स्वतःचं नाव काढून ठेवत होता.

माझ्या हातात घमेलं होतं. त्यात शे-दीडशे मासे होते.

"डोमाकाका, विष मी टाकलं."

कोणी हललं नाही. ट्रॅक्टरचं इंजिन चालू होतं, म्हणून ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं. मी पुन्हा म्हणालो.

"बहिणीले बघायले पाहुणे येणार होते. जाळं लागेतोवर मासे धरायले तलाव बंद होता. मले वाटलं, एका कोपऱ्यात थोडं टाकीन, चार मोठे मासे घेईन, कोणाले कळणार नाही. पहाटे टाकलं. उजाडलं तोवर सगळा तलाव पांढरा झाला. मी बाटली लव्हाळ्यात फेकून पळालो. झोपडी तुमची आहे हे माहीत होतं. मुद्दाम नाही फेकली. पण सापडली तेव्हा मी बोललो नाही."

डोमाजी माझ्याकडे बघत होता. त्याचे ओठ किंचित उघडे होते. मला वाटलं तो कुऱ्हाड उचलेल. उचलावी असंही वाटलं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली माझ्या हातांवर आली, घमेल्यावर. मासे वर यायला लागले होते.

"ते ड्रममध्ये टाक," तो म्हणाला.

मी टाकले. त्यानं दुसरं घमेलं भरून दिलं. मी घेतलं. असे आम्ही उरलेले सगळे मासे भरले. प्रत्येक घमेल्यातलं थोडं पाणी सांडत होतं. शेवटचा मासा निघाल्यावर त्यानं लुगडं बांबूंवरून सोडलं, पाण्यात खळबळलं, पिळलं आणि काठावर चढला. मी त्याच्या वाटेत उभा होतो.

"काका..."

"तिनं मरताना विचारलं," तो म्हणाला. "म्हणाली, खरं सांगा, तुमी तर नाही ना टाकलं. माह्याच बायकोनं विचारलं मले."

मग तो बाजूनं निघून गेला.

मोहटोल्यापर्यंत मी आणि भागरथाबाई ट्रॉलीत ड्रमांपाशी उभं राहून पाणी मारत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात चालू होते. गाव दिसायला लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तू सांगशील का मी सांगू?"

"मी सांगतो."

तलावावर पुरा जमला होता. म्हातारे, बाया, लहान पोरं. कोणीतरी नारळ आणला होता. मी ट्रॉलीत उभं राहून सगळं सांगितलं, डोमाजीनं बीज वाचवलं तेही. माझी बायको समोर होती, कडेवर आमची वर्षाची मुलगी. ती मधेच वळली आणि घराकडे चालू लागली. बहीण तिथंच खाली बसली. एका म्हाताऱ्यानं पायातली वहाण काढून मला मारली, ती खांद्यावर बसली. आणखी लोक पुढं आले तेव्हा भागरथाबाई म्हणाल्या, "आधी मासे. त्याचं मागून पाहू." मग बायांनी ड्रम उतरवले आणि डोमाजीनं सांगितलं तसं, दक्षिणेकडच्या बुडालेल्या गवतात, बीज सोडलं. मला कोणी हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पुऱ्यातली तीस-चाळीस माणसं पायी निमगावला गेली. भागरथाबाई पुढं होत्या. डोमाजीनं घराचं दार उघडलं नाही. ते संध्याकाळपर्यंत अंगणात बसून परत आले. परत चार दिवसांनी गेले. दसऱ्यानंतर तो आला. एकटाच. आपल्या झोपडीत राहायला लागला, पुन्हा तलाव राखायला लागला.

मला जाळ्यातून तीन वर्षं बाहेर ठेवलं. सचिवपद गेलं. तलावातली बेशरमीची झुडपं उपटायची, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायची, एवढं काम मला होतं; वाटा नव्हता. बायको सहा महिन्यांनी माहेरून परत आली. बहिणीचं लग्न दूर बालाघाटकडे झालं, ती अजून माझ्याशी मोजकंच बोलते.

एकदा, दुसऱ्या वर्षी, मी डोमाजीच्या झोपडीपुढं जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. तो जाळं विणत होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तुही माफी घेऊन मी का करू, ताराचंद? ती कोणाले दाखवू?" मी परत फिरलो. त्यानंतर कधी गेलो नाही.

चौथ्या वर्षी माघात जाळं लागलं. मोठं ओढजाळं, दोन्ही काठांना वीस-वीस माणसं. मी पाळीवर, सगळ्यांच्या मागं उभा होतो. कमिटीनं मला उतरायची परवानगी दिली होती, पण जाळ्यावर माणसं लावायचं काम डोमाजीचं होतं. कोण कुठल्या दोरीला, कोण खोल पाण्यात, हे तो नाव घेऊन सांगायचा. तो पाण्यात छातीपर्यंत उभा राहून एकेक नाव घेत होता. नावं संपत आली. थंडी होती, मी हात काखेत घेऊन उभा होतो.

"ताराचंद," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, जाळ्याकडे बघत. "खालच्या दोरीले. पाय टेकवून धर, चिखल आहे तिथं."

मी उतरलो आणि दोरी धरली.